ओएलईडीमधले एक्सिप्लेक्स: टीव्हीच्या धाग्यावरून इथे हलवलेली चर्चा

निळा_दिवा (धागाकर्ता)

टीव्ही खरेदीच्या धाग्यावर ओएलईडी (विजेवर स्वतःच चमकणाऱ्या सेंद्रिय, म्हणजे कार्बनी पदार्थांच्या थरांचा पडदा) की क्यूएलईडी यावर जुंपलेली असताना मी मध्येच ‘एक्सिप्लेक्स’ काढलं आणि लोक वैतागले. साहजिकच आहे, त्यांना नवी पेठेत कुठे स्वस्त मिळेल ते हवं होतं. म्हणून हा वेगळा धागा. मी सोलापुरात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ओएलईडी बनवत नाही, पण या एका विषयावरचं वाचन गेली काही वर्षं सुटलेलं नाही.

सुरुवात १९८७ पासून करू. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक चढवले. एक थर होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारी धन प्रभाराची रिकामी जागा) वाहून नेणारा, दुसरा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा, दोन्ही मिळून दीडशे नॅनोमीटरपेक्षा पातळ. दहा व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळाला. आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन जेमतेम एक, पण तेवढ्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला.

आता त्या दोन थरांच्या सीमेवर काय होतं ते बघा. या बाजूच्या रेणूवर होल येऊन थांबलंय, त्या बाजूच्या रेणूवर इलेक्ट्रॉन. मध्ये नॅनोमीटरभरसुद्धा अंतर नाही. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात आणि दोन वेगळे रेणू मिळून एकच उत्तेजित अवस्था तयार होते. होल ज्याच्यावर आहे तो दाता, इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला तो ग्राही. हाच एक्सिप्लेक्स. त्यातून निघणारा प्रकाश ना दात्याचा असतो ना ग्राहीचा. दोन्ही पदार्थ एकेकटे निळे-जांभळे चमकत असले तरी जोडीतून हिरवा किंवा पिवळा येऊ शकतो. फोटॉनची ऊर्जा साधारण दात्याची भरलेली वरची पातळी आणि ग्राहीची रिकामी खालची पातळी यांतल्या फरकाएवढी, त्यातून दोन प्रभारांच्या आकर्षणाची ऊर्जा वजा. वर्णपटात टोकदार शिखरं नसतात, एकच रुंद उंचवटा दिसतो.

द्रावणात हा प्रकार १९६३ मध्येच लिओनहार्ट आणि वेलर यांनी दाखवला होता. ओएलईडीवाल्यांना मात्र नव्वदच्या दशकात तो डोकेदुखी वाटायचा. निळा दिवा बनवायला जावं आणि सीमेवर एक्सिप्लेक्स होऊन मळकट हिरवा यावा, वर कार्यक्षमताही घसरावी. त्यामुळे एक्सिप्लेक्स होणार नाही अशा जोड्या शोधणं हे एक कामच होऊन बसलं. पुढे हीच गोष्ट मुद्दाम बनवायला लागले. माझं मत असं की प्रकाश देणारा म्हणून एक्सिप्लेक्स सुमारच आहे, त्याची खरी जागा यजमान थरात आहे, म्हणजे प्रकाश देणारा दुसरा रेणू ज्यात मिसळतात त्या थरात. वाद घाला.

कडक_भाकरी

सर, मला समजलं ते असं. गड्ड्याच्या जत्रेत दोघं भेटली, एका पाळण्यात बसली, हातात हात घातले. जत्रा उठली की ‘तू कोण, मी कोण’. बरोबर का बे?

आणि टीव्हीचं काय ते सांगा की. नाहीतर मी परत त्या धाग्यावर चाललो.

तळे_हिप्परगा

कडक_भाकरींचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे, पण रसायनवाल्याला त्यातली फट दिसते. प्रभारहस्तांतरणाचे सगळेच संकुल उत्तेजित व्हायची वाट बघत नाहीत. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही मुलांना नॅप्थलीनचं पिक्रेट (पिक्रिक अॅसिडशी त्याची जोडी) करायला लावायचो. दोन द्रावणं एकत्र केली की पिवळे स्फटिक. अँथ्रासीन घेतलं तर लाल. तिथे दाता आणि ग्राही मूळ अवस्थेतच सैलसर बांधलेले असतात आणि रंग त्या जोडीच्या शोषणातून येतो. आयोडीन कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये जांभळं आणि अल्कोहोलमध्ये तपकिरी दिसतं, तेही याच कुळातलं. बेनेसी आणि हिल्डब्रँड यांनी १९४९ मध्ये आयोडीन-बेंझीनची मोजणी केली आणि मलिकनने पुढे त्याचा सिद्धांत मांडला.

तेव्हा धागाकर्त्यांना प्रश्न: तुमच्या एक्सिप्लेक्सला शोषणाचा वेगळा पट्टा असतो का?

निळा_दिवा

सर, नेमका तोच फरक. खऱ्या एक्सिप्लेक्सला मूळ अवस्थेत बांधणी नसते. दोघं जवळ असले तरी शोषणाचा वर्णपट दोन पदार्थांची नुसती बेरीज दिसतो. एकावर ऊर्जा पडली किंवा विजेने प्रभार येऊन बसले, तरच जोडी जमते. प्रकाश टाकून झाला की खाली दोघांना धरून ठेवणारं काही नसतं, त्यामुळे वर्णपट रुंद येतो. अतिशय संवेदनशील उपकरणांनी काही घन मिश्रणांत फार क्षीण शोषण मोजलं गेलंय, सौरघटवाले ते मुद्दाम मोजतात. पण नॅप्थलीन पिक्रेटसारखा डोळ्यांना दिसणारा रंग तिथे नसतो.

रंगारी_अशोकचौक

नमस्कार. मी शिकलेला कमी, पण घरचं डाइंग आहे, सूत लडीत रंगवतो. दोन गोष्टी विचारायच्यात.

एक, टॉवेलला पांढरेपणासाठी टिनोपाल देतो ते पण चमकतंय की. जांभळ्या दिव्याखाली धरलं की निळं लखलखतंय. मग विजेवर चमकवायला एवढी अडचण का?

दुसरी, पिवळे आणि नारंगी व्हॅट रंग, म्हणजे सुताला द्यायचे पक्के रंग. काही शेड अशा आहेत की चादर उन्हात राहिली की रंग तसाच राहतोय आणि सूतच कुजतंय. आमच्यात टेंडरिंग म्हणतात. वडील म्हणायचे रंग कापूस खातोय. हे तुमच्या दाता-ग्राहीतलं आहे का?

कडक_भाकरी

अण्णा, हे भारी विचारलं. आता वाचालोय मी पण.

निळा_दिवा

अण्णा, दुसरा प्रश्न आधी घेतो. काही पिवळ्या-नारंगी व्हॅट रंगांचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित झाला की इलेक्ट्रॉनसाठी हावरा होतो. शेजारी कापसाचं सेल्युलोज असतं. तो त्यातून हायड्रोजन ओढतो, किंवा हवेतल्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन त्याला आक्रमक बनवतो, आणि सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. ओलावा असेल तर आणखी जोरात. हा एक्सिप्लेक्सचा दिवा नव्हे. पण उत्तेजित रेणू मूळच्या रेणूपेक्षा चांगला ग्राही असतो, हे तत्त्व दोन्हीकडे तेच. एकीकडे त्यातून प्रकाश मिळतो, दुसरीकडे चादर फाटते.

आता टिनोपाल. प्रकाश शोषून रेणू वर गेला की तो सिंगलेट अवस्थेत जातो, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा भोवऱ्यासारखा अंगभूत गुण) विरुद्ध. तिथून तो काही नॅनोसेकंदांत प्रकाश टाकून मोकळा. विजेवर तसं नसतं. एकीकडून इलेक्ट्रॉन आणि दुसरीकडून होल येतं, दोघांचे स्पिन कसेही. चार शक्यतांपैकी एकच सिंगलेटची, उरलेल्या तीन ट्रिप्लेटच्या, म्हणजे जिथे स्पिन विरुद्ध नसून समांतर असतात. म्हणजे ७५ टक्के जोड्या अशा अवस्थेत अडकतात जिथून साध्या सेंद्रिय रेणूला प्रकाश टाकता येत नाही, सगळी उष्णता होते.

यावर पहिला तोडगा १९९८ मध्ये निघाला. बाल्डो, थॉम्पसन आणि फॉरेस्ट यांच्या गटाने प्लॅटिनम असलेला रेणू वापरला, पुढच्या वर्षी इरिडियम. जड अणूमुळे ट्रिप्लेटही प्रकाश टाकायला लागतो. दुसरा तोडगा म्हणजे ट्रिप्लेटला पुन्हा वर सिंगलेटमध्ये ढकलणं. त्यासाठी दोघांमधली ऊर्जेची फट लहान पाहिजे. नेहमीच्या रेणूत ती अर्धा ते एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट (रेणूंच्या ऊर्जेचं एकक) असते, कारण इलेक्ट्रॉन आणि होल एकाच जागेत वावरतात. एक्सिप्लेक्समध्ये एक इकडच्या रेणूवर, दुसरा तिकडच्या. दोघांचा पसारा एकमेकांवर फारसा पडत नाही, म्हणून फट काही दशांश नव्हे, काही शतांश इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते.

आकडे घालून बघा. २७ अंशांना उष्णतेची ऊर्जा सुमारे २६ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फट ५०० असेल तर बोल्ट्झमन गुणक, म्हणजे उष्णतेच्या जोरावर फट चढून जाण्याची साधारण शक्यता, येतो अब्जात चार. फट ५० असेल तर तोच गुणक शेकडा चौदाच्या पुढे. आपल्या मे महिन्यातले ४४ अंश धरले तर पहिला अब्जात अकरा होतो आणि दुसरा शेकडा सोळा. म्हणजे सोलापूरचं ऊनसुद्धा मोठ्या फटीपुढे हात टेकतं, फटच लहान करावी लागते.

तळे_हिप्परगा

ही वर ढकलण्याची युक्ती जुनीच आहे हेही नोंदवून ठेवा. पार्कर आणि हॅचर्ड यांनी १९६१ मध्ये इओसिन या रंगाच्या द्रावणात असं उशिरा येणारं फ्लुरोसन्स (सिंगलेटमधून निघणारा प्रकाश) तपासलं होतं. लाल शाईतलं इओसिन. अण्णांच्या धंद्यातलं नाही, पण रंगच.

पुण्यातला_सोलापुरी

चर्चा उशिरा पाहिली. मी पातळ थरांच्या प्रयोगशाळेत काम करतो म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

फट लहान केली की झालं, असं वरच्या प्रतिसादावरून वाटतं. तसं नाही. सिंगलेट आणि ट्रिप्लेट, दोन्ही निव्वळ प्रभारहस्तांतरणाच्या अवस्था असतील, तर स्पिन उलटवणारी स्पिन-कक्षा जुळणी त्यांच्यात जवळजवळ शून्य असते. फट शून्य केली तरी दार बंदच. दार उघडतं ते तिसऱ्या अवस्थेमुळे: दात्याची किंवा ग्राहीची स्वतःची, एकाच रेणूवरची ट्रिप्लेट. ती ऊर्जेने जवळ असेल आणि रेणूच्या कंपनांनी त्यांची सरमिसळ होत असेल तर उलट प्रवास वेगाने होतो. डरहॅम विद्यापीठातल्या अँडी मंकमन यांच्या गटाने २०१६ मध्ये एका रेणूतल्या दाता-ग्राहीसाठी हे नीट मांडलं. एक्सिप्लेक्समध्ये इलेक्ट्रॉन-होल आणखी लांब असतात, तिथे अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचाही वाटा येतो. म्हणून एक्सिप्लेक्सच्या दिव्याचा उजेड साध्या चुंबकानेसुद्धा थोडा कमी-जास्त होतो.

आणि ती स्थानिक ट्रिप्लेट एक्सिप्लेक्सच्या खाली असेल तर सगळी ऊर्जा तिच्यात गळून जाते. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ जोड्या निरुपयोगी ठरल्या त्याचं हे एक कारण. जोडी वाईट नव्हती, शेजारची ट्रिप्लेट खाली होती.

निळा_दिवा

हे बरं झालं तुम्ही लिहिलंत. ‘फट लहान, काम फत्ते’ एवढंच मुलं पाठ करतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. क्युशू विद्यापीठात चिहाया अडाची यांच्या गटाने २०१२ मध्ये एम-एमटीडाटा हा दाता आणि बोरॉन असलेला एक ग्राही यांच्या मिश्रणातून एक्सिप्लेक्सचा दिवा केला. बाह्य कार्यक्षमता, म्हणजे दर शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन, ५.४ टक्के. त्याच वर्षी दात्याला दुसरा जोडीदार देऊन १० टक्क्यांपर्यंत गेले. आणि त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतून एकाच रेणूत दाता आणि ग्राही जोडलेला पदार्थ आला, १९ टक्क्यांच्या वर. मग एक्सिप्लेक्स मागे का पडला? कारण इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे ठेवल्यामुळे फट लहान होते, पण त्याच कारणाने प्रकाश टाकण्याचा वेगही मंदावतो. तोवर ऊर्जा उष्णतेत जायला वेळ मिळतो. एकाच रेणूत किती पसारा एकमेकांवर पडू द्यायचा हे रसायनवाला ठरवू शकतो. दोन सुटे रेणू बाष्प होऊन काचेवर कसे बसतील ते त्याच्या हातात नसतं.

म्हणून यजमान. दाता-ग्राहीचं मिश्रण प्रकाश टाकण्यासाठी नाहीच, त्यात थोडा इरिडियमचा रेणू मिसळायचा. होल दात्यावरून चालत येतात, इलेक्ट्रॉन ग्राहीवरून, दोघांनाही उंबरा ओलांडावा लागत नाही. एक्सिप्लेक्स तयार होतो आणि आपली ऊर्जा इरिडियमला देऊन टाकतो. त्याची स्वतःची मंद चाल आता आड येत नाही. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या जांग-जू किम यांच्या गटाने २०१३ मध्ये अशा थरातून हिरव्या दिव्याला सुमारे २९ टक्के काढले, आणि दिवा २.४ व्होल्टला लागला. हिरव्या फोटॉनची स्वतःची ऊर्जा साधारण तेवढीच! सपाट काचेतून एरवी २० ते ३० टक्केच प्रकाश बाहेर निघतो, बाकीचा थरांतच अडकतो. म्हणजे आतली जवळपास प्रत्येक जोडी प्रकाश देत होती. त्यांचा इरिडियमचा रेणू बराचसा आडवा झोपतो, त्याचाही फायदा झाला.

पुण्यातला_सोलापुरी

यजमानाबद्दल सहमत. सुमार म्हणणं मात्र मला जास्त वाटतं. पांढऱ्या दिव्यासाठी रुंद वर्णपट हा गुणच आहे. निळा एक पदार्थ आणि त्याचाच शेजाऱ्याशी होणारा नारंगी एक्सिप्लेक्स, दोन्ही मिळून पांढरा, तेही कमी पदार्थांत. पडद्याला शुद्ध रंग लागतात, तिथे हा रुंदपणा नडतो हे कबूल.

निळा_दिवा

खोलीतल्या दिव्यासाठी मान्य. पण तिथे साधी एलईडी इतकी स्वस्त झालीय की पांढऱ्या ओएलईडीला गिऱ्हाईक कुठून आणणार?

एमएस्सी_भाग२

सर, नमस्कार. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. सेमिनारला हाच विषय घेतलाय. दोन शंका.

मिश्रणावर यूव्ही टाकून आलेला वर्णपट आणि वीज देऊन आलेला वर्णपट वेगळे आले, तर त्याला एक्सिप्लेक्स म्हणायचं का? आणि आमच्या लॅबमध्ये पातळ थर बनवायचं यंत्र नाही. एक्सिप्लेक्स डोळ्यांनी बघता येईल असं काही?

पुण्यातला_सोलापुरी

पहिल्या शंकेचं उत्तर. वीज दिल्यावरच दिसणारा आणि यूव्हीखाली न दिसणारा पट्टा असेल तर त्याला इलेक्ट्रोप्लेक्स म्हणतात. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल आधी एका उत्तेजित रेणूवर येत नाहीत, शेजारच्या दोन रेणूंवरून थेट एकत्र येतात. व्होल्टेज बदललं की बहुधा त्याचा वाटाही बदलतो. तेव्हा सेमिनारमध्ये तीन आलेख एकावर एक दाखवा: दात्याचा एकट्याचा, ग्राहीचा एकट्याचा, मिश्रणाचा. त्याखाली वीज दिल्यावरचा. आणि नुसत्या लाल बाजूला सरकलेल्या उंचवट्यावरून निष्कर्ष काढू नका. एकाच पदार्थाचे दोन रेणू मिळून एक्सायमर होतो, तोही तसाच दिसतो. पायरीनचं उदाहरण पुस्तकात असेलच. जमलं तर वेळेनुसारची मोजणी मिळवा. आधीचा झटपट भाग नॅनोसेकंदांत आणि मागचा शेपटीसारखा भाग मायक्रोसेकंदांत, असं दिसलं आणि तो मागचा भाग थंडीत मंदावला, तर ट्रिप्लेट वर चढतायत म्हणायला आधार मिळतो.

तळे_हिप्परगा

बाळ, दुसरं मी सांगतो. अँथ्रासीन अगदी थोडं टोल्युइनमध्ये विरघळव. एका नळीत तेवढंच ठेव, दुसरीत डायएथिल अॅनिलीन भरपूर घाल. अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली धर. पहिली जांभळट-निळी दिसेल. दुसरीत ती चमक मंदावून हिरवट झाक येईल, ती एक्सिप्लेक्सची. तिसऱ्या नळीत टोल्युइनच्या जागी अॅसिटोनायट्राइल घे. तिथे ध्रुवीय द्रावक दोन प्रभारांना वेगळं करून टाकतो, आयन सुटे होतात आणि हिरवट झाक जवळजवळ जाते. तीन नळ्या शेजारी ठेवल्या की वर्गाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

नळीतून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हवा काढलीस तर चमक वाढेल, ऑक्सिजन उत्तेजित रेणूंना विझवतो. आणि हे सगळं फ्यूम हूडमध्येच. डायएथिल अॅनिलीन विषारी आहे, कातडीतूनही आत जातं. हातमोजे घाल, डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा लाव, आणि मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नकोस.

जुळे_सोलापूर

मी गृहिणी, विषय माझा नाही, पण मुलाच्या खोलीत छताला रेडियमचे तारे लावलेत ते रात्री चमकतात. ते पण यातलंच का?

निळा_दिवा

ताई, ते तारे बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचे, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम असतं. अजैविक पदार्थ, वेगळी यंत्रणा. पण तुमच्या प्रश्नाला एक छान जोड आहे. २०१७ मध्ये क्युशूच्याच काबे आणि अडाची यांनी दोन सेंद्रिय पदार्थ वितळवून एकत्र केले, दाता फक्त एक टक्का. दिवा बंद केल्यावर ते तासाभराहून जास्त चमकत राहिलं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन ग्राहीवर जातो आणि ग्राहीच्याच रेणूंमधून लांब भटकतो. होल मात्र दात्यावर अडकून राहतं, कारण दाते विरळ. भटका इलेक्ट्रॉन कधीतरी दात्यापाशी परततो, एक्सिप्लेक्स होतो आणि प्रकाश निघतो. कोणी मिनिटात परततो, कोणी तासाने. एवढंच की हवा लागली की संपलं, ऑक्सिजन सगळं खाऊन टाकतो. त्यामुळे छतावर चिकटवायला अजून नाही.

हाच भटका इलेक्ट्रॉन कायमचा दूर नेला की सेंद्रिय सौरघट. टँग यांनी १९८६ मध्ये दोन थरांचा सौरघट केला, साधारण एक टक्क्याचा, आणि पुढच्याच वर्षी तो दिवा. सौरघटवाल्यांना सीमेवरची जोडी फोडायची असते, दिवावाल्यांना ती जुळवायची असते.

कडक_भाकरी

सर, आता तरी सांगा. टीव्हीत हे एक्सिप्लेक्स असतंय का नाही?

पुण्यातला_सोलापुरी

हिरव्या आणि लाल थरांत दोन यजमान मिसळून वापरणं उद्योगात रुळलंय, होल वाहणारा एक आणि इलेक्ट्रॉन वाहणारा एक. अमुक कंपनीच्या अमुक टीव्हीत काय आहे ते कंपनी सांगत नसते. अडलंय ते निळ्यापाशी. निळ्या इरिडियमला ऊर्जा देणारा एक्सिप्लेक्स हवा तर त्याची ऊर्जा त्याच्याहून जास्त हवी, आणि दाता-ग्राहीच्या स्वतःच्या ट्रिप्लेट त्याहूनही वर, तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. एवढ्या ऊर्जेला सेंद्रिय बंध तुटायला लागतात. म्हणून आजवर बाजारातल्या बहुतेक पडद्यांत निळा रंग साध्या फ्लुरोसन्सवरच चाललाय.

तुम्हाला टीव्ही घ्यायचाच असेल तर तो थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका आणि दिवसभर एकाच बातम्यांच्या चॅनलवर ठेवू नका. कोपऱ्यातला लोगो पडद्यात बसतो.

रंगारी_अशोकचौक

उन्हाचं आम्हाला सांगू नका मालक.

टेंडरिंगचं वाचून मी आमच्या रंग देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणतो पिवळ्यात पण फोटो-टेंडरिंग न करणाऱ्या शेड मिळतात, दर जास्त. पडद्याच्या कापडाला तेच वापरा म्हणाला.

एमएस्सी_भाग२

तळे_हिप्परगा सर, विभागात विचारलं. अँथ्रासीन आणि टोल्युइन आहे, डायएथिल अॅनिलीन मागवावं लागेल. टॉर्च ३९५ ची आहे, त्यावर चालेल का?

तळे_हिप्परगा

३९५ ला अँथ्रासीन फारसं शोषत नाही, आणि टॉर्चचाच जांभळा उजेड डोळ्यांत भरेल. ३६५ चीच घे. नोटा आणि खडे तपासणारे वापरतात, महाग नसते. डायमिथिल अॅनिलीन असेल तर तेही चालेल, काळजी तीच. बाटलीतलं जुनं डायएथिल किंवा डायमिथिल अॅनिलीन तपकिरी झालेलं असतं, ते तसंच वापरलंस तर हिरवी झाक कशाची ते कळणार नाही. आधी ऊर्ध्वपातन करून घ्यायला सांग.